अँस्ट्रुदरला जायचंय? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

स्कॉटलंडची ट्रिप म्हटली की आपल्या लोकांचा कार्यक्रम ठरलेला असतो, एडिंबरा, लॉख नेस, जमलं तर स्काय बेट, आणि परत. फाइफचा किनारा बहुतेक सगळ्यांच्या यादीतून सुटतो. मी इथेच राहते आणि इथल्या अँस्ट्रुदर ह्या बंदराच्या गावाबद्दल मला मेसेजवर, फोनवर, गणपतीच्या जेवणाच्या रांगेत तेच तेच प्रश्न येतात, म्हणून सगळी उत्तरं एका जागी लिहून ठेवतेय. माझं म्हणणं आधीच सांगते, हे गाव बसमधून उतरून चिप्स खाऊन परत बसमध्ये चढायचं नाहीये. इथे राहायला जा.

हे नक्की आहे कुठे? आणि केवढं आहे?

एडिंबराच्या समोर फर्थ ऑफ फोर्थ म्हणून मोठी खाडी आहे, तिच्या उत्तरेला फाइफ. फाइफचा पूर्वेकडचा कोपरा म्हणजे ईस्ट न्यूक, आणि तिथे समुद्राला चिकटून एकामागोमाग एक छोटी बंदरं आहेत, ईली, सेंट मोनन्स, पिटनवीम, अँस्ट्रुदर, क्रेल. त्यातलं सगळ्यात मोठं बंदर अँस्ट्रुदरचं. मोठं म्हणजे आपल्या हिशोबाने नव्हे हं, लोकवस्ती साडेतीन हजारांच्या आसपास, एका टोकापासून दुसऱ्या टोकाला चालत सहज जाता येतं. खरं तर ही तीन गावं आहेत, अँस्ट्रुदर ईस्टर, अँस्ट्रुदर वेस्टर आणि पूर्वेला सेलरडाइक, आता सगळं एकमेकांत मिसळलंय. जुने लोक गावाला एन्स्टर म्हणतात, बस ड्रायव्हरच्या तोंडून तसं ऐकलंत तर गोंधळू नका.

ट्रेन जाते का?

नाही. पूर्वी जायची, १९६५ मध्ये बंद झाली. आता दोन मार्ग आहेत. एक, एडिंबराहून लीव्हनपर्यंत ट्रेन, ही लाइन कित्येक दशकं बंद होती ती जून २०२४ मध्ये परत सुरू झाली, आणि लीव्हनहून ९५ नंबरची बस. दुसरा, लूकर्सपर्यंत ट्रेन, तिथून बसने सेंट अँड्र्यूज, आणि सेंट अँड्र्यूजहून तीच ९५ उलट्या दिशेने. ही ९५ किनाऱ्यावरची सगळी गावं घेत जाते, डबल डेकर मिळाली तर वरच्या मजल्यावर समुद्राच्या बाजूला बसा. रविवारी आणि संध्याकाळनंतर बस कमी असतात, वेळापत्रक निघायच्या आधी बघाच.

गाडी असेल तर एडिंबराहून दीड तास धरा. उन्हाळ्यात शनिवार-रविवारी बंदरापाशी पार्किंग मिळणं कठीण असतं आणि जुन्या गल्ल्या इतक्या अरुंद आहेत की त्यात गाडी घालायच्या भानगडीत पडूच नका. आणि एक, स्कॉटलंडमध्ये दारू पिऊन गाडी चालवण्याची मर्यादा इंग्लंडपेक्षा कडक आहे, एक पाइंट चालतो वगैरे जे लंडनचे मित्र सांगतात ते इथे धरू नका.

एका दिवसात होतं का?

होतं, आणि बहुतेक लोक तेच करतात. सकाळी सेंट अँड्र्यूजला गोल्फ कोर्ससमोर फोटो, दुपारी अँस्ट्रुदरला फिश अँड चिप्स, संध्याकाळी परत. पण अशा भेटीत गावाची फक्त रांग दिसते. मला विचाराल तर दोन रात्री कमीत कमी. एक दिवस आयल ऑफ मे ह्या पक्ष्यांच्या बेटासाठी, एक दिवस म्युझियम आणि चालण्यासाठी. संध्याकाळी सहानंतर डे-ट्रिपवाले गेले की बंदराच्या धक्क्यावर गावातले लोक कुत्र्यांना घेऊन फिरायला येतात, पोरं कठड्यावर बसून खेकडे पकडतात, आणि जूनमध्ये तर दहा वाजेपर्यंत उजेड असतो. तेव्हा हे गाव कोणाचं आहे ते कळतं.

कधी जावं?

पक्षी बघायचे असतील तर मे, जून आणि जुलैचा पहिला अर्धा. पिटनवीमचा आर्ट्स फेस्टिव्हल ऑगस्टमध्ये असतो, तेव्हा लोक आपली घरं, गॅरेज, अंगणं उघडून त्यात चित्रं लावतात आणि तुम्ही सरळ कोणाच्या तरी दिवाणखान्यात शिरून चित्रं बघता, फार छान प्रकार आहे पण तेव्हा राहायला जागा मिळत नाही. जूनअखेरीला ईस्ट न्यूक फेस्टिव्हल असतो, चर्चमध्ये वगैरे पाश्चात्य शास्त्रीय संगीत. हिवाळ्यात दुपारी साडेतीन-चारला अंधार, अर्धी दुकानं बंद, समुद्र खवळलेला. मला तेही आवडतं पण पहिल्यांदा येत असाल तर नको.

ऊन असतं का हो तिकडे?

स्कॉटलंडच्या पश्चिमेच्या मानाने पाऊस कमी. पण पूर्व किनाऱ्यावर हार नावाचं एक धुकं येतं, एप्रिल ते सप्टेंबरच्या दरम्यान, समुद्रावरून सरकत येतं आणि बघता बघता समोरचा धक्का गायब. आत चार-पाच मैलांवर लख्ख ऊन आणि बंदरात तुम्ही स्वेटर घालून बसलेले, असं होतं. म्हणून जुलै असला तरी विंडचीटर आणि एक गरम कपडा बॅगेत ठेवा, उन्हाळ्यात तापमान १७-१८च्या आसपास असतं आणि वारा कायम. छत्री आणू नका, उलटी होते.

मासेमारीचं गाव म्हणतात, पण बंदरात तर सगळ्या शौकाच्या बोटीच दिसतात?

हाच प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडतो.

बरोबर बघितलंत. आज अँस्ट्रुदरच्या बंदरात पाँटूनला, म्हणजे तरंगत्या धक्क्याला, बांधलेल्या पांढऱ्या यॉट जास्त आणि मासेमारीच्या बोटी थोड्या, त्याही बहुतेक सापळे टाकून शेवंड आणि कुर्ल्या धरणाऱ्या. पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचे फोटो बघितलेत तर बंदरात पाणीच दिसत नाही, एकाला एक चिकटलेल्या बोटी आणि डोलकाठ्यांचं जंगल. हे सगळं एका माशावर उभं होतं, हेरिंग. आपल्या तारलीच्या जातकुळीतलाच चंदेरी मासा, थव्याने फिरणारा, लाखोंनी मिळायचा. बोटी संध्याकाळी निघायच्या, रात्री पाण्यात जाळ्यांची लांबच लांब भिंत सोडायची, हेरिंग वर आला की जाळ्यात अडकणार, पहाटे ओढून घ्यायचं. मोजायला क्रॅन नावाचं माप होतं, एका क्रॅनमध्ये साधारण बाराशे मासे.

हा मासा इथे थोडाच खाल्ला जायचा, बहुतेक सगळा मिठात भरून पिंपांतून जर्मनी आणि रशियाला जायचा. पहिलं महायुद्ध झालं, रशियात क्रांती झाली आणि गिऱ्हाईकच गेलं. त्यातूनही गाव कसंबसं उभं राहिलं, पण मग फोर्थच्या खाडीत हिवाळ्यात येणारा हेरिंगच कमी कमी होत गेला आणि १९४०च्या दशकाच्या अखेरीस जवळजवळ संपला. पुढे १९७७ मध्ये तर उत्तर समुद्रातली हेरिंगची मासेमारीच काही वर्षं बंद ठेवावी लागली, एवढा उपसा झाला होता. उरलेल्या बोटी आणि मासळी बाजार शेजारच्या पिटनवीमला एकवटले आणि अँस्ट्रुदरकडे राहिलं मोठं रिकामं बंदर. त्या रिकाम्या जागेत पर्यटन आलं. आज तुम्ही जिथे आइस्क्रीम घेऊन उभे राहता तिथे माशांची पिंपं रचलेली असायची.

म्युझियम मस्ट आहे का? आम्ही म्युझियमवाले नाही.

मस्ट. आणि चिप्सच्या आधी.

स्कॉटिश फिशरीज म्युझियम बंदराच्या समोरच आहे, १९६९ मध्ये सुरू झालं, जुन्या इमारती एका अंगणाभोवती जोडून केलंय त्यामुळे बाहेरून लहान दिसतं आणि आत संपता संपत नाही. बोटी आहेत, अख्ख्या, त्यांच्या पोटाखालून चालता येतं. इंजिनं, जाळी, होकायंत्रं, कोळ्यांचं घर जसंच्या तसं. म्युझियमची स्वतःची एक मोठी शिडाची बोट आहे, रीपर, १९०२ ची, फाइफी ह्या जातीची, म्हणजे पुढचं आणि मागचं टोक सरळ उभं आणि दोन अवाढव्य शिडं. ती बंदरात असली तर आधी तिच्याकडे जा.

पण मला थांबवतो तो भाग हेरिंग लासीजचा. ह्या मुली, काही तर पंधरा-सोळा वर्षांच्या, उन्हाळ्यापासून हेरिंगच्या थव्यामागे किनाऱ्या-किनाऱ्याने फिरायच्या, वर शेटलंडपासून खाली इंग्लंडच्या ग्रेट यार्मथपर्यंत. तिघींची टोळी असायची, दोघी मासा साफ करणार आणि तिसरी पिंपात थर लावणार, एक थर मासा एक थर मीठ. छोटी धारदार सुरी, एक झटका, आतडं बाहेर, मासा आकाराप्रमाणे मागच्या टोपलीत, न बघता. सरावाची मुलगी मिनिटाला साठ मासे करायची म्हणतात. हात दिवसभर मिठाच्या पाण्यात, सुरी बोटाला लागली की त्यात मीठ जाणार, म्हणून सकाळी काम सुरू करायच्या आधी प्रत्येक बोटाला कापडाच्या चिंध्या गुंडाळून दोऱ्याने बांधायच्या. त्या चिंध्या गुंडाळलेल्या हातांचे फोटो आहेत, नीट बघा. आणि काम नसलं की ह्याच बोटांनी विणकाम, चालता चालता सुद्धा. ससून डॉकला कोलंबी सोलणाऱ्या बायका ज्यांनी बघितल्यात त्यांना वेगळं काही सांगायला नको.

एक खोली समुद्रात गेलेल्या मच्छीमारांच्या स्मरणासाठी आहे. तिथे लोक आपल्या माणसांची नावं बघायला येतात, तिथे सेल्फी नको आणि मुलांना आधीच सांगून ठेवा.

कमीत कमी दोन तास ठेवा. आत जे लोक उत्साहाने माहिती देतात त्यातले बरेचसे स्वयंसेवक आहेत, त्यांना प्रश्न विचारा, त्यांना फार आवडतं.

ते फेमस फिश अँड चिप्स खरंच एवढं भारी आहे का? रांगेत उभं राहावं का?

अँस्ट्रुदर फिश बार हे बंदरावरचं दुकान ब्रिटनमधलं सर्वोत्तम चिपी, म्हणजे फिश अँड चिप्सचं दुकान, म्हणून पूर्वी निवडलं गेलंय, त्यामुळे रांग असते. मासा ताजा, पीठ हलकं, चांगलंच आहे. पण ईस्ट न्यूकमध्ये चांगल्या चिपी आणखीही आहेत आणि रांग लांब असेल तर त्यातल्या एखाद्यात जायला काही हरकत नाही. स्कॉटलंडमध्ये मासा म्हणजे हॅडक, कॉड नव्हे. फिश सपर म्हटलं की मासा आणि चिप्स दोन्ही, नुसता मासा हवा असेल तर सिंगल फिश सांगा. सपर दोघांत एक पुरतो.

आता महत्त्वाचं, जे कोणी आपल्या लोकांना सांगत नाही. स्कॉटलंडमधल्या बऱ्याच चिपींमध्ये तळण बीफ ड्रिपिंगमध्ये होतं, म्हणजे गाईच्या चरबीत. मासाही त्यातच आणि चिप्सही त्यातच. ज्यांना चालत नाही त्यांनी ऑर्डर द्यायच्या आधी सरळ विचारावं, कशात तळता? कोणी वाईट मानत नाही, रोज विचारलं जातं. तेलात तळणारी दुकानं असतात आणि काही ठिकाणी वेगळी कढई ठेवलेली असते, पण विचारल्याशिवाय गृहीत धरू नका.

आणि सीगल. इथले सीगल हातातून मासा नेतात, खरोखर नेतात. भिंतीला पाठ लावून खा, आणि त्यांना एकही चिप घालू नका, तुम्ही घातलीत की पुढच्या माणसाच्या पोराच्या हातावर झडप पडते.

आम्ही शुद्ध शाकाहारी आहोत, उपाशी मरू का?

नाही. कॅफेंमध्ये सूप, बेक्ड पोटॅटो, चीज टोस्टी, स्कोन मिळतं. सूप घेताना मात्र विचारा, कलन स्किंक हे दिसायला बटाट्याचं दुधाळ सूप असतं पण त्यात धुरावलेला हॅडक असतो. पिटनवीमजवळ एका डेअरी फार्मवर अँस्टर नावाचं चीज बनतं, भुसभुशीत आणि किंचित आंबटसर, पावाबरोबर झकास, रेनेट (दूध फाडून घट्ट करणारा पदार्थ, तो प्राण्यापासूनचाही असू शकतो) कसलं वापरतात ते ज्यांना महत्त्वाचं आहे त्यांनी विचारून घ्या. किचन असलेलं घर घेतलंत तर सगळ्यात सोपं, गावात सुपरमार्केट आहे. मसाले, पोहे, डाळी एडिंबराहून घेऊन या, इथे मिळायची आशा ठेवू नका.

पफिन खरंच दिसतात का?

दिसतात, हे रंगीत चोचीचे गुबगुबीत समुद्रपक्षी, आणि इतके दिसतात की पहिली पाच मिनिटं माणूस गप्पच होतो.

त्यासाठी आयल ऑफ मे ह्या बेटावर जायचं. किनाऱ्यापासून साधारण आठ किलोमीटर, बोटीने पाऊण तास, बेट जेमतेम दोन किलोमीटर लांब. राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्र आहे, नेचरस्कॉट ही सरकारी संस्था सांभाळते. एप्रिल ते सप्टेंबर लोकांना उतरता येतं, नंतर बेट बंद, कारण तेव्हा करड्या सीलची पिल्लं जन्माला येतात आणि त्यांना त्रास नको. पफिन एप्रिलमध्ये येतात, जमिनीत बिळं करून अंडी घालतात आणि जुलैअखेर-ऑगस्टच्या सुरुवातीला समुद्रात निघून जातात ते थेट पुढच्या वर्षी. दरवर्षी कोणीतरी ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्याचं बुकिंग करतं आणि मग मला विचारतं पफिन कुठे गेले. तेव्हा बेट सुंदरच असतं, पण पफिन नसतात.

बोटीची वेळ रोज बदलते कारण ओहोटीला बंदर जवळजवळ कोरडं पडतं आणि बोट भरतीच्या हिशोबाने निघते. आधी वेळ बघून मग बाकी दिवस ठरवा, उलटं करू नका. मे-जूनसाठी बरंच आधी बुक करा आणि शक्यतो ट्रिपच्या पहिल्याच दिवशी ठेवा, म्हणजे वाऱ्यामुळे रद्द झालीच तर दुसरा दिवस हाताशी राहतो. बोट लागत असेल तर गोळी अर्धा-पाऊण तास आधी.

बेटावर दुकान नाही, खायला-प्यायला सोबत घ्या, कचरा परत आणा. कुत्री नेता येत नाहीत. टोपी हवीच, कारण उतरल्या उतरल्या आर्क्टिक टर्न पक्ष्यांची घरटी वाटेच्या कडेला असतात आणि ते डोक्यावर चोच मारतात, चांगलं रक्त काढतात. आखून दिलेली वाट सोडून एक पाऊलही बाहेर टाकू नका, जमिनीखाली बिळं आहेत, पाय पडला की पफिनचं घर पिल्लासकट खचतं. फोटोसाठी आत शिरणारे लोक बघितले की मला फार राग येतो.

पक्ष्यांखेरीज तिथे स्कॉटलंडचं पहिलं दीपगृह आहे, १६३६ चं, वर कोळशाची शेगडी पेटवायचे, त्याचा खालचा भाग अजून उभा आहे. १७९१ च्या हिवाळ्यात त्या निखाऱ्यांच्या धुराने गुदमरून दिवा सांभाळणारा, त्याची बायको आणि पाच मुलं गेली, फक्त तान्ही मुलगी वाचली. आजचं दीपगृह १८१६ चं, रॉबर्ट स्टीव्हन्सनने बांधलेलं, लांबून छोटा किल्लाच वाटतो. ह्याच रॉबर्टचा नातू, पुढे लेखक म्हणून जगभर गाजलेला रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन, १८६८ च्या उन्हाळ्यात अँस्ट्रुदरला बंदराच्या कामावर शिकाऊ इंजिनिअर म्हणून राहिला होता. त्याचं मन काही त्या कामात रमलं नाही.

मुलं कंटाळतील का?

नाही वाटत. बंदराच्या भिंतीवरून दोरी आणि बेकनचा तुकडा लावून खेकडे पकडणं हा इथल्या सगळ्या पोरांचा धंदा आहे, बादली आणि दोरी दुकानात मिळते, पकडलेले खेकडे संध्याकाळी परत पाण्यात सोडायचे. कठड्याला रेलिंग नाही, लहान मुलांजवळ मोठं माणूस हवं. पाऊस असेल तर क्रेलच्या रस्त्यावर जमिनीखाली शीतयुद्धाच्या काळातला गुप्त बंकर आहे, वर साधं शेतघर आणि खाली शंभर फूट खोल अख्खं सरकारी ऑफिस, दहा वर्षांच्या पुढच्या मुलांना जाम आवडतो. आणि क्रिकेटवाल्यांसाठी, ईलीला शिप इन नावाच्या पबची टीम समुद्राच्या वाळूवर क्रिकेट खेळते, ओहोटी असेल तेव्हा मॅच. उन्हाळ्यात जात असाल तर मॅचचे दिवस बघूनच जा.

चालायला कुठे जावं?

फाइफ कोस्टल पाथ गावातूनच जातो, पूर्ण वाट १८७ किलोमीटरच्या आसपास आहे, तुम्हाला तेवढी नको. पश्चिमेला पिटनवीम अडीच किलोमीटर, गोल्फ कोर्सच्या कडेने, आजी-आजोबाही करतात. पुढे सेंट मोनन्सपर्यंत गेलात तर वाटेत मीठ पिकवणाऱ्यांची पवनचक्की आणि अगदी पाण्याच्या काठावरचं जुनं चर्च. पूर्वेला क्रेल, साडेसहा किलोमीटर, वाटेत केप्लीच्या गुहा लागतात, आत जुन्या साधूंनी कोरलेले क्रॉस आहेत. क्रेलला बंदरावर शेवंड ताजी उकडून देतात, तिथे खा आणि ९५ ने परत या. माझी आवडती वाट हीच, सकाळी, वारा पाठीशी असेल तर.

ईलीला साखळ्या धरून खडकावरून जायची चेन वॉक आहे, ती फक्त ओहोटीला आणि फक्त भरती-ओहोटीचं कोष्टक बघूनच. पाणी वाढलं की मधेच अडकायला होतं. अशा अडकलेल्यांना सोडवायला जी लाइफबोट येते तिच्यावरचे लोक गावातलेच स्वयंसेवक, अँस्ट्रुदरचं लाइफबोट स्टेशन १८६५ पासूनचं आहे. समुद्रावर काही झालं तर ९९९ लावा आणि कोस्टगार्ड मागा.

पोहता येतं का?

येतं, ज्यांना थंडी चालते त्यांना. सेलरडाइकला आणि पिटनवीमला खडकात बांधलेले पोहायचे जुने तलाव आहेत, भरतीला समुद्राचं पाणी आत येतं आणि ओहोटीला साठून राहतं, लाटांची भीती नाही. ऑगस्टमध्ये सुद्धा पाणी १४ डिग्रीच्या आसपास. पायात रबरी बूट घाला, एकटे जाऊ नका.

पिटनवीमला मासळी उतरताना बघता येते का? फोटो काढले तर चालतात?

धक्क्यावरून लांबून बघा, चालतं. तिथे आजही खरंखुरं काम चालतं म्हणून तर जायचं. माझ्या लक्षात राहिलेली गोष्ट लँगोस्टीनची, म्हणजे लांब नांग्यांची केशरी कोलंबी. सापळ्यात धरलेली चांगली लँगोस्टीन जिवंत पाठवायची असते आणि एकत्र ठेवली तर ती एकमेकांना नांग्या मारतात, म्हणून ट्रेमध्ये प्रत्येकीला वेगळा उभा कप्पा असतो, नळीसारखा, एकात एकच. माणूस एक एक उचलतो, बघतो, शेपटी खाली करून आत सोडतो. स्कॉटलंडची अशी बरीचशी लँगोस्टीन स्पेन-फ्रान्सला जाते, इथल्या लोकांपेक्षा तिकडचेच जास्त खातात.

वाहनांच्या आणि दोरांच्या मध्ये उभे राहू नका. माणसाचा चेहरा येणार असेल तर विचारा, सहसा हो म्हणतात. जाळ्यांवर, सापळ्यांवर बसू नका, ते कोणाचं तरी भांडवल आहे. आणि कोळ्यांच्या जुन्या समजुतींपैकी काही अजून आहेत, बोटीवर डुकराचं किंवा साल्मन माशाचं नाव घेत नाहीत, चुकून निघालं तर लोखंडाला हात लावतात. गंमत म्हणून मुद्दाम बोलून दाखवायला जाऊ नका.

इतिहासात एखादी मस्त गोष्ट?

१५८८. स्पॅनिश आरमार इंग्लंडकडून मार खाऊन उत्तरेकडून पळत होतं, त्यातलं एक जहाज फेअर आयलला फुटलं. वाचलेले खलाशी आणि त्यांचा म्होरक्या हुआन गोमेझ दे मेदिना शेवटी अँस्ट्रुदरला येऊन लागले. उपाशी, आजारी, आणि त्यात शत्रूच्या धर्माचे. गावचे पाद्री जेम्स मेलव्हिल, ते पहाटे उठून बोलणी करायला गेले, आणि गावाने ह्या लोकांना मारलं नाही, खायला घातलं, कोबीची भाजी, लापशी आणि मासे. मेलव्हिलनी हे सगळं आपल्या डायरीत लिहून ठेवलंय म्हणून आपल्याला माहीत आहे. पुढे अँस्ट्रुदरचं एक जहाज स्पेनमध्ये अडकवलं गेलं तेव्हा ह्याच गोमेझने रदबदली करून खलाशांना सोडवलं आणि गावातल्या लोकांची नावं घेऊन चौकशी केली. मला ही गोष्ट किल्ले-राजे-लढाया ह्या सगळ्यापेक्षा जास्त आवडते.

आपल्या महाराष्ट्राशी काही संबंध?

आहे, आणि चांगला खरा आहे. थॉमस चाल्मर्स १७८० मध्ये अँस्ट्रुदरला जन्मले. १८४३ मध्ये स्कॉटलंडचं चर्च फुटलं, साडेचारशेच्या वर पाद्री पगार आणि घरं सोडून बाहेर पडले आणि त्यांनी फ्री चर्च काढलं, चाल्मर्स त्याचे पहिले प्रमुख. त्याच वेळी मुंबईत काम करणारे जॉन विल्सन जुनं चर्च सोडून फ्री चर्चमध्ये गेले, हेच ते विल्सन कॉलेजवाले, गिरगाव चौपाटीसमोरचं. आणि नागपूरला १८४०च्या दशकात आलेले स्टीफन हिस्लॉप फ्री चर्चचेच, हिस्लॉप कॉलेज त्यांच्या नावाचं. माझ्या ओळखीच्या एका विल्सनच्या माजी विद्यार्थिनीला हे सांगितलं तेव्हा त्या मुद्दाम चाल्मर्सचं जन्मघर बघायला गेल्या.

राहायचं कुठे? आणि गावातल्या लोकांना टुरिस्ट आवडतात का?

दोन्ही प्रश्न एकच आहेत म्हणून एकत्र घेतेय.

छपराच्या टोकांच्या भिंतींना पायऱ्या-पायऱ्यांची कड, लाल कौलं, खाली जाळी ठेवायची खोली आणि वर बिऱ्हाड, अशी कोळ्यांची जुनी घरं आता बरीचशी हॉलिडे होम झालीत. दिसायला गोड, पण सेलरडाइकच्या गल्लीत नोव्हेंबरच्या संध्याकाळी चालत जा आणि किती खिडक्यांत दिवा आहे ते बघा. गावातल्याच मुला-मुलींना गावात घर घेणं परवडत नाही. दुसरीकडे पर्यटन नसतं तर कॅफे, बोटी, दुकानं, म्युझियम काहीच उरलं नसतं हेही तितकंच खरं. लोक चांगले वागतात, गप्पा मारतात, पण ही खंत बोलता बोलता निघतेच. सरकारने काही केलंय, थोड्या दिवसांसाठी भाड्याने द्यायच्या घराला आता लायसन्स लागतं आणि एप्रिल २०२४ पासून कौन्सिलांना सेकंड होमवर दुप्पट कौन्सिल टॅक्स (आपल्या घरपट्टीसारखा) लावायचा अधिकार मिळालाय.

तुम्ही काय करू शकता? गावातल्याच कुटुंबाने चालवलेलं बी अँड बी किंवा हॉटेल मिळालं तर आधी ते घ्या. घरच घेणार असाल तर लायसन्स नंबर जाहिरातीत आहे का ते बघा. जेवण, ब्रेड, चीज, मासे गावातून घ्या, सगळं एडिंबराच्या सुपरमार्केटमधून डिकीत भरून आणू नका (मसाले सोडून). जमलं तर मे किंवा सप्टेंबरमध्ये या, जुलै-ऑगस्टच्या गर्दीत भर नको. आणि मोठा ग्रुप असेल तर रात्री दहानंतर आवाज कमी, भिंतीपलीकडे पहाटे चारला बोटीवर जाणारा माणूस झोपलेला असू शकतो.

आईबाबांना गुडघेदुखी आहे, त्यांना झेपेल का?

बंदराचा रस्ता सपाट आहे, बाकं भरपूर, म्युझियमचा बराचसा भाग चढ-उताराशिवाय होतो, आधी फोन करून विचारलंत तर ते नीट सांगतात. आयल ऑफ मेवर मात्र उतरल्याबरोबर चढ आहे आणि वाट खडबडीत, दुखणं जास्त असेल तर त्यांना बेटाऐवजी ९५ च्या वरच्या मजल्यावरून, नाही जमलं जिना चढायला तर खालून, क्रेलपर्यंत न्या. त्यांना भारतातून बोलावणार असाल तर व्हिसा युकेचाच लागतो, स्कॉटलंडचा वेगळा नाही. घर घेताना तळमजल्याचं बेडरूम आहे का ते घरमालकाला स्पष्ट विचारा, कोळ्यांच्या घरांचे जिने फार उभे असतात आणि बाथरूम बहुतेक वेळा वरच असतं.